पालथे गाडगे

जुन्या इतिहासग्रंथांतील व्यक्तिचित्रे चाळताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. लाकडाच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या या चित्रांत चेहरा बहुधा फसलेला असतो. कोरणाऱ्या कारागिराने मूळ माणूस पाहिलेला नसे. कोणा प्रवाशाने आणलेल्या नकलेवरून तो दुसरी नक्कल करी आणि तिच्यावरून आणखी कोणी तिसरी. एवढ्या हातांतून जाता जाता नाकडोळे साचेबंद होऊन जात. शिरोभूषण मात्र प्रत्येक कारागीर मोठ्या काळजीने कोरी. पगडीचा प्रत्येक पेच, तुऱ्याचे प्रत्येक पीस, मोत्यांची प्रत्येक लड तो रेघांत उतरवी, कारण हा राजा की सरदार, पंडित की फकीर, हे पाहणाऱ्याला त्यावरूनच कळायचे असे. चेहरा चुकला तरी चाले. डोक्यावरचे चुकून चालत नसे.

याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. इब्राहीमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे चित्र कित्येक वर्षे शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांतून मिळालेले महाराजांचे चित्र १९३३ साली लोकांपुढे ठेवले, तेव्हा ही गफलत दूर झाली. जुन्या युरोपीय संग्रहांतील महाराजांच्या चित्रांत डोक्यावर तुरा खोवलेला मंदिल दिसतो. जिरेटोपातील जी मूर्ती आज आपल्या मनात ठसली आहे, तिच्याहून तो निराळा आहे. युरोपातही हाच न्याय होता. जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५२६ साली विद्वान इरॅस्मसचे चित्र तांब्यावर कोरले, त्यात पंडिताची टोपी विसरला नाही. १७९२ च्या जून महिन्यात पॅरिसच्या जमावाने राजवाड्यात शिरून सोळाव्या लुईला क्रांतिवाद्यांची तांबडी टोपी घालायला लावली. त्या टोपीतल्या राजाची चित्रे कोरून छापली गेली आणि दूरवर पोहोचली. राजाचे डोके धडावर होते तोवरच त्याचे राजेपण गेले होते, ते एका टोपीने.

महाराष्ट्रात तर डोक्यावरचे वस्त्र म्हणजे माणसाची अर्धी कुळकथाच. तुकोबांच्या चित्रात पांढरे पागोटे हवे, लोकमान्यांच्या चित्रात पुणेरी पगडी हवी, जोतीरावांच्या चित्रात पागोटे हवे. गांधीयुगात पांढरी टोपी आली आणि तिने नवी ओळख दिली. आपल्या बोलण्यातही हेच मुरले आहे. शरण जायचे तर पागोटे पायांवर ठेवायचे, फसवायचे तर टोपी घालायची, आणि दोष द्यायचा तर दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायचे.

या शेवटच्या वाक्प्रचारापाशी आपण वऱ्हाडकरांनी थोडे थांबले पाहिजे. कारण आपल्याच मातीत एक माणूस असा होऊन गेला, की ज्याने ते खापर दुसऱ्याने फोडण्याची वाट न पाहता आपल्याच हाताने डोक्यावर ठेवले. मुकुट, मंदिल, पगडी, पागोटे, फेटा, टोपी अशा साऱ्या शिरोभूषणांच्या रांगेत त्याने एक नवे शिरोभूषण आणून बसवले: मातीचे फुटके गाडगे. पुढे लोकांनी त्याला नावही त्या गाडग्यावरूनच दिले. त्या माणसाची ही कहाणी.

*

अमरावती जिल्ह्यातील, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील, शेंडगाव या खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. आईचे नाव सखुबाई. जात परीट. गावाचे कपडे धुणे हा जातीचा धंदा. परटाच्या घरी साऱ्या गावची पागोटी येतात. पाटलाचे येते, कुळकर्ण्याचे येते, साध्या कास्तकाराचेही येते. चारचौघांत ज्या वस्त्रापुढे मान लववायची, ते घाटावर आले की घामाने कळकट झालेले लांबच लांब कापड तेवढे उरते. पाण्यात बुडवले आणि दगडावर आपटले की पाटलाचा मळ आणि कास्तकाराचा मळ एकाच रंगाचा निघतो. अशा कुळात जन्मलेल्या माणसाने पुढे पागोट्याचा मोह सोडला, यात मला काहीतरी संगती वाटते.

वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच डेबूजीच्या बालपणी वारले. घर मोडले. आई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आली. तिथे आजोबा आणि मामा चंद्रभानजी यांची शेती होती. डेबूजी गुरे राखू लागला, नदीत पोहू लागला, हळूहळू वखर आणि नांगर हातात आला. अंगाने धिप्पाड आणि कामाला वाघ असलेला हा पोरगा मामाच्या वावरात राबू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. १८९२ साली कुंताबाईशी त्याचा विवाह झाला.

तो काळ वऱ्हाडात कापसाचा होता, आणि म्हणून सावकाराचाही होता. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला, पुढे आगगाडी आली, कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला जाऊ लागला. पैसा खेळू लागला तसा तो कर्जाऊ देणाराही गावोगाव बसला. चंद्रभान मामा भोळा आणि निरक्षर होता. वहीत काय लिहिले आहे हे न कळता त्याने अंगठे उठवले, आणि एके दिवशी जमीन आपली राहिली नाही हे त्याला कळले. त्या धक्क्याने मामा खचला आणि गेला. ज्या वावरात स्वतःचा घाम गाळला ते वावर सावकाराचे झाले, तेव्हा डेबूजी मुकाट्याने बसला नाही. ताब्यासाठी आलेल्या माणसांपुढे तो नांगर धरून उभा राहिला. अक्षर न येणाऱ्या माणसाचे वावर कसे जाते, हे त्याने पुस्तकात वाचले नव्हते. ते त्याच्या घरात घडले होते. पुढची पन्नास वर्षे तो कर्ज काढू नका आणि पोरांना शाळेत घाला एवढे दोन धडे घसा कोरडा करून सांगत हिंडला, त्याचे मूळ या वावरात आहे.

१८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. देशातील नामांकित वकील, संपादक, जमीनदार आपापल्या प्रांताच्या पगड्या आणि साफे बांधून मंडपात बसले होते. त्या सभेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. अमरावतीला तिचा अभिमान आहे आणि असावा. परंतु त्याच वेळी त्याच वऱ्हाडात, दापुऱ्याच्या शिवारात, एकवीस वर्षांचा एक नांगऱ्या राबत होता. त्याच्या कपाळीचे दारू, कर्ज, अज्ञान आणि शिवाशिव हे प्रश्न अजून मंडपापर्यंत पोहोचायचे होते.

डेबूजीचे पहिले बंड घरातच झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची, कर्ज काढून का होईना, असा रिवाज होता. डेबूजीने त्या दिवशी गोडधोडाचे जेवण वाढले. पंगत रागावली, कुजबुज झाली, पण त्याने माघार घेतली नाही. वडिलांचा मृत्यू ज्या बाटलीने झाला, ती बाटली लेकीच्या पाळण्याखाली ठेवायला तो तयार नव्हता.

*

१ फेब्रुवारी १९०५ रोजी भल्या पहाटे डेबूजीने घर सोडले. वय अठ्ठावीस. घरात म्हातारी आई, बायको, लेकरे. बुद्धाचा गृहत्याग आपण आदराने वाचतो, पण मागे राहिलेल्यांची चूल कशी पेटली हे विचारत नाही. डेबूजीच्या बाबतीत ते विचारले पाहिजे, कारण कुंताबाईंनी पुढे मूर्तिजापूरला साध्या झोपडीत दिवस काढले आणि कष्टाची भाकर खाल्ली. नवऱ्याने लाखोंच्या धर्मशाळा उभारल्या, त्या काळातही त्यांची झोपडी झोपडीच राहिली. या कथेत तेजाइतकाच चटका आहे, आणि तो टाळून हे चरित्र सांगता येत नाही.

पुढची बारा वर्षे हा माणूस पायी हिंडला. त्याचा वेश चरित्रकारांनी तपशीलवार नोंदवला आहे. अंगावर चिंध्या जोडून केलेला सदरा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. एका पायात एक तऱ्हेचा जोडा, दुसऱ्या पायात दुसऱ्या तऱ्हेचा. हातात खराटा. आणि मातीचे एक फुटके गाडगे, जे मिळाले तर अन्नासाठी, तहान लागली तर पाण्यासाठी आणि एरवी उन्हापावसात डोक्यावर पालथे घालण्यासाठी. लोक त्याला कुठे गोधडे महाराज म्हणाले, कुठे चिंधेबुवा, कुठे लोटके महाराज. शेवटी नाव राहिले ते गाडग्याचे. डेबूजी हे नाव मागे पडले आणि गाडगेबाबा झाले.

या गाडग्याचा विचार थोडा बारकाईने करण्यासारखा आहे. आपल्या समाजात धातूचे भांडे आणि मातीचे भांडे यांत मोठा भेद मानला जाई. पितळेचे भांडे विटाळले तर ते राखेने घासून शुद्ध होते. मातीचे विटाळले तर फोडून उकिरड्यावर टाकावे लागते. म्हणजे फुटके गाडगे ही घरातली सर्वांत हलकी वस्तू, आणि डोके हा देहाचा सर्वांत मानाचा भाग. बाबांनी सर्वांत हलके होते ते सर्वांत मानाच्या जागी ठेवले. हे करताना त्यांनी कोणतेही प्रवचन दिले नाही. गावात शिरणारा हा माणूस पाहिल्याबरोबर पाहणाऱ्याच्या मनातली उतरंड हलत असली पाहिजे.

याहून खोल गोष्ट पुढे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणाची जी प्रत १९३६ साली छापली, तीत पेशवाईतील पुण्याच्या एका रिवाजाचा उल्लेख आहे. अस्पृश्याने रस्त्याने जाताना कमरेला झाडू बांधावा, म्हणजे त्याच्या पावलांची धूळ मागच्या मागे पुसली जाईल. आणि गळ्यात मडके अडकवावे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडणार नाही. झाडू आणि मडके! माणसाचा अपमान करण्यासाठी याच दोन वस्तू निवडल्या गेल्या होत्या. आता गाडगेबाबांच्या कोणत्याही चित्राकडे पाहा. तेच मडके, तोच झाडू. परटाच्या घरी जन्मलेल्या बाबांवर ही सक्ती कोणी केली नव्हती. त्यांनी त्या दोन्ही वस्तू आपखुशीने उचलल्या आणि त्यांचा अर्थ उलटा केला. कमरेचा झाडू हातात आला आणि साऱ्या गावाची घाण झाडू लागला. गळ्यातले मडके डोक्यावर चढले आणि शिरोभूषण झाले. पॅरिसच्या जमावाने राजाच्या डोक्यावर टोपी घातली ती त्याला खाली ओढण्यासाठी. बाबांनी गाडगे डोक्यावर घेतले ते खाली ढकललेल्यांच्या शेजारी उभे राहण्यासाठी.

*

बाबांच्या दिवसाचा क्रम ठरलेला असे. गावात शिरायचे ते खराट्याने रस्ता झाडत. कोणी चोर समजून हाकलले, कोणी वेडा समजून दगड मारले, तरी खराटा थांबत नसे. फुकट भाकर घ्यायची नाही. लाकडे फोडायची, वावरात राबायचे, मगच गाडगे पुढे करायचे. कोरभर भाकर आणि वर आमटी नाहीतर चटणी मिळाली की झाडाखाली बसून खायची. आणि रात्री कीर्तन.

ते कीर्तन हे विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचे एक मोठे लोकविद्यापीठ होते. बाबा पोथीतले निरूपण करीत नसत. अस्सल वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना सवाल टाकीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. देवापुढे बकरे कापणारा, सण साजरा करायला कर्ज काढणारा, लेकराला शाळेत न घालता जत्रेला पैसे उधळणारा, माणसाला शिवल्याने बाटणारा, असे सगळे श्रोते स्वतःच स्वतःच्या उत्तरांत सापडत. हसता हसता माना खाली जात. समोर निरक्षर कास्तकार असत, तसेच शिकलेले वकील आणि अंमलदारही असत. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यासारखा माणूसही त्यांना मानी. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखणीच्या बहाद्दरांनी त्यांची चरित्रे लिहिली, ती या निरक्षर वक्त्याच्या प्रभावाखाली येऊनच.

कीर्तन संपले की श्रोते पायांवर डोके ठेवायला धावत. बाबा तेवढ्यात अंधारात पसार झालेले असत. कोणी गाठलेच तर काठी उगारीत. पाया पडून घेणे त्यांना मानवत नसे. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत टिकली. पगडी पायांवर ठेवून घेण्यात ज्यांना धन्यता वाटते, अशा बुवांची आपल्याकडे वाण नाही. बाबांचे वेगळेपण इथे होते.

या कीर्तनांतून पैसा उभा राहिला आणि त्या पैशातून कामे. पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे मोठी जत्रा भरते. चिखलातून उतरताना बायाबापड्यांचे हाल होत, म्हणून बाबांनी तिथे घाट बांधला. आंधळ्या-पांगळ्यांना तिथेच जेवण सुरू केले. मूर्तिजापूरला धर्मशाळा आणि गोरक्षण उभे केले. पंढरपूरला बहुजनांच्या आणि अस्पृश्य वारकऱ्यांच्या निवाऱ्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. नाशिक, देहू, आळंदी, मुंबई येथेही इमारती झाल्या. सरकारी रुग्णालयांत उपचारासाठी येणाऱ्या परगावच्या गरिबांना पथारी टाकायला जागा नसते, हे त्यांनी पाहिले आणि त्यांच्यासाठी निवारे बांधले.

या इमारतींच्या बाबतीत दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, की बाबा त्यांत कधी राहिले नाहीत. बाहेर झाडाखाली किंवा पाल्याच्या झोपडीत ते निजत. दुसरी, की आपल्या नातेवाइकांचा या मालमत्तेवर कसलाही हक्क असणार नाही, अशी तजवीज त्यांनी विश्वस्तांकडून करून घेतली. मामाचे वावर कागदाने गेले होते. भाच्याने त्याच कागदाचा उपयोग गरिबांची जागा कायमची गरिबांची ठेवण्यासाठी केला. ज्याला सही करता येत नव्हती त्या माणसाला दस्तऐवजाची किंमत पुरती कळली होती. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, कारण आता तिथे वारकऱ्याच्या पथारीपेक्षा विद्यार्थ्याचा दिवा अधिक गरजेचा होता.

पंढरपूरला ते वर्षानुवर्षे गेले, पण विठ्ठलाच्या देवळात गेले नाहीत. चंद्रभागेचे वाळवंट झाडत राहिले. वारी संपल्यावर लाखो माणसे मागे काय सोडून जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या झाडण्याची किंमत कळेल.

१९२३ साली त्यांचा एकुलता तरुण मुलगा गोविंदा मूर्तिजापूरला वारला. ही बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना कळली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग सांगताना आपण त्यांच्या वैराग्याचे कौतुक करतो. मला मात्र तो वाचताना मूर्तिजापूरच्या झोपडीतली कुंताबाई दिसते. बाबांनी साऱ्या जगाचे लेकरू आपले मानले हे खरे. त्याची किंमत त्यांच्या घराने मोजली हेही तितकेच खरे.

*

वय झाले, शरीर थकले, तशी कामाची घडी बसवणे भाग होते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि धर्मशाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे यांचा कारभार त्या संस्थेकडे गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव दिले. ज्याने शाळा पाहिली नाही त्याच्या नावाचे ते महाविद्यालय!

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे आणत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीत आहे, आणि तिच्या भोवतीची वस्ती आज गाडगेनगर म्हणून ओळखली जाते.

मृत्यूनंतर त्यांची चित्रे घरोघर गेली. १९७७ साली राजदत्त यांनी त्यांच्या जीवनावर ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट काढला आणि डॉ. श्रीराम लागूंनी बाबा उभे केले. १९९८ साली टपाल तिकीट निघाले. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आपल्या अमरावती विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. २००० पासून ग्रामस्वच्छतेचे अभियान त्यांच्या नावाने सुरू झाले. ज्याने स्मारके नको म्हटले त्याची स्मारके झाली. हे अटळ होते, आणि त्यात सगळेच वाईट आहे असेही नाही.

पण चित्रांकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहावे. काही छापील चित्रांत बाबांच्या डोक्यामागे तेजोवलय काढलेले असते. चिंध्या धुतल्यासारख्या स्वच्छ असतात. गाडगे तर कुंभाराच्या चाकावरून नुकतेच उतरल्यासारखे गुळगुळीत, अखंड! जुन्या कोरीवकाम करणाऱ्याने राजाचा तुरा काळजीने कोरावा, तसा आजच्या चित्रकाराने बाबांचा खराटा काळजीने रंगवलेला असतो. त्याचा हेतू भक्तीचाच असतो. परंतु यातून नकळत असे होते, की ज्या वस्तूने साऱ्या शिरोभूषणांचा माज उतरवला तीच स्वतः एक शिरोभूषण बनून बसते. गाडगे म्हणजे संतपणाचा मुकुट, आणि मुकुट दिसला की आपण मान लववून मोकळे होतो. तेजोवलयापुढे कोणी झाडू हातात घेत नाही.

मराठीत पालथ्या घड्यावर पाणी अशी म्हण आहे. कितीही ओता, आत थेंब जात नाही. बाबांनी पन्नास वर्षे ओतले. आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या गावी परत गेल्यावर जरा हिशोब मांडावा. बारशाला, लग्नाला, तेराव्याला कर्ज काढणे थांबले का? शिवार पिकवणारा कास्तकार आजही कर्जापायी जीव देतो आहे, आणि त्या बातम्यांत आपल्या जिल्ह्यांची नावे वारंवार येतात. गावाबाहेरच्या वस्तीतले हापसे आणि गावातले हापसे आजही वेगळे का आहेत? गटारात उतरून घाण उपसणारे हात आजही ठरावीक जातींचेच का? पदवीच्या कागदावर ज्यांचे नाव छापलेले असते त्यांच्या नावाचा अर्थ आपल्याला कितपत माहीत आहे? हे प्रश्न मी कोणाला हिणवण्यासाठी विचारत नाही. बाबा कीर्तनात विचारीत आणि उत्तर आपल्यालाच द्यावे लागे, तसेच हे आहेत.

आणखी एक गोष्ट या वेशाबद्दल सांगून संपवतो. बाबांचे गाडगे चालताना डोक्यावर पालथे असे हे खरे. पण काम झाल्यावर, कोणाच्या दारी भाकर घेताना, ते डोक्यावरून उतरे आणि सुलटे होई. ज्वारीची भाकर त्यात पडे, अंबाडीची भाजी पडे, पाणी पडे. त्यातले थोडे बाबा खात, उरलेले शेजारच्या भुकेल्याला देत आणि मग गाडगे विसळून पुन्हा रस्त्याला लागत. आपण चित्रासाठी आणि नावासाठी पालथे गाडगे तेवढे घेतले आहे. सुलट्या गाडग्याचे काम अजून बरेच बाकी आहे, आणि ते करायला गाडगेनगरच्या समाधीपर्यंतही जावे लागत नाही. आपल्या वसतिगृहाच्या मागच्या उकिरड्यापासून आरंभ केला तरी पुष्कळ आहे.